जहाज चालू, काम चालू: प्रवासी जहाजावरच्या गंजलेल्या पाइपांचं आतून लायनिंग

बडोद्यात वाढलेल्या फिटरला शटडाउन समजावून सांगावं लागत नाही. कोयलीची रिफायनरी असो, जीएसएफसीचा खतकारखाना असो की नंदेसरीतला एखादा लहान केमिकलचा कारखाना, शटडाउन लागलं की प्लांट थंड होतो, लाइनी रिकाम्या करून मिळतात आणि ठेकेदाराची माणसं दिवसरात्र आत असतात. पाइप सडलाय? कापा, नवा चढवा, वेल्ड मारा, टेस्ट द्या.

प्रवासी जहाजावर ही सोय नाही. जहाज गोदीत जातं ते काही वर्षांतून एकदा, आणि तेव्हाही प्रत्येक दिवसावर दहा खात्यांचा हक्क असतो. मधल्या काळात हजारो माणसं त्यावर राहतात, आंघोळी करतात, संडास वापरतात, आणि त्यांच्या केबिनच्या भिंतीमागे पाइप आतून गंजत असतो. तो कापायचा तर कॉरिडॉरचं छत उतरवा, आगप्रतिबंधक भिंतीतून गेलेला तुकडा सोडवा, हॉट वर्कचं, म्हणजे ठिणगी-ज्वाळेच्या कामाचं परमिट काढा, फायर वॉचला, म्हणजे आगीवर नजर ठेवायला माणूस बसवा आणि पलीकडच्या केबिनमधला गालिचा पेटणार नाही ना या धास्तीत वेल्डिंग करा. म्हणून जिथे जमतं तिथे पाइप जागेवरच ठेवतात, आतून साफ करतात आणि त्याला रेझिनचं अस्तर देतात. सगळे याला लायनिंगच म्हणतात.

दांडिया बाजार, रावपुरा, मकरपुरा इथली आयटीआय झालेली मुलं या कामाची चौकशी करत माझ्याकडे येतात. मागोमाग कुणाच्या तरी आईचा फोन येतो, "भाऊ, जहाजावर म्हणजे नक्की काय काम करणार हो तो?" हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि फोन करणाऱ्या आयांसाठीही.

निघण्याआधी

पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सेवापुस्तक), इंडोस नंबर (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक), एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे प्राथमिक सुरक्षेचे कोर्स आणि मान्यताप्राप्त डॉक्टरची मेडिकल. यातलं तुम्हाला नेमकं काय लागेल ते तुम्ही जहाजाचे कर्मचारी म्हणून जाताय की ठेकेदाराच्या दुरुस्ती टोळीत, यावर ठरतं. कंपनीकडून ते लेखी मागा. कोर्स डीजी शिपिंगची (जहाजवाहतुकीचं केंद्र सरकारी खातं) मान्यता असलेल्या संस्थेतच करा. ज्या एजंटमार्फत भरती होणार असेल त्याचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स डीजी शिपिंगच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा.

एक गोष्ट मी घरच्यांनाही सांगतो. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत असं २००६ च्या सागरी कामगार करारात स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि भारतानेही तो करार मान्य केला आहे. "जागा पक्की करायला" कोणी लाख-दीड लाख मागत असेल तर तिथूनच परत फिरा. आईचे दागिने गहाण टाकून जहाजावर चढलेला मुलगा धोका दिसला तरी काम थांबवायला बिचकतो. या कामात थांबता येणं फार महत्त्वाचं आहे.

सराव मात्र बडोद्यातच होतो. मकरपुऱ्याच्या भंगारवाल्याकडून दोन इंची जुने जीआय (जस्त चढवलेले) पाइप आणा. त्यांना चार-पाच एल्बो (वळणाचे जोड) आणि तेवढेच टी (फाट्याचे जोड) लावून एक वाकडीतिकडी लाइन उभी करा, मधे एक तुकडा पारदर्शक ॲक्रिलिकचा टाका. त्यातून रेझिन पुढे कसं सरकतं, एल्बोला कुठे पातळ होतं, तळाला कुठे साचतं, हे डोळ्यांनी दिसतं. १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं तेव्हापासून या गावात हाताने शिकण्याला मान आहे, आणि हा सराव त्याच जातीचा आहे. तो जुलै-ऑगस्टमध्ये करा. भर पावसाळ्यात बडोद्याच्या शेडमध्ये ज्याचं अस्तर नीट बसलं, त्याला दमट हवेचं वेगळं शिकवावं लागत नाही.

कुठल्या लाइनीला हात लावायचा

जहाजावर पाइप सगळीकडेच दिसतात, पण आपलं काम त्यातल्या थोड्यांशीच असतं. पिण्याचं गोडं पाणी, बेसिन-शॉवरचं ग्रे वॉटर, संडासाचं ब्लॅक वॉटर, डेकवरचे निचऱ्याचे पाइप, आणि काही ठिकाणी कूलिंगचं समुद्राचं पाणी. इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या लाइनींना आपण हात लावत नाही. स्प्रिंकलर आणि फायर मेन, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची मुख्य लाइन, यांची गोष्ट वेगळी. प्रवासी जहाजावर आग विझवायचं पाणी कुठल्याही क्षणी मिळालं पाहिजे, म्हणून त्यातला छोटा भाग बंद करायलाही वरच्या मंजुऱ्या आणि पर्यायी सोय लागते. नवख्याने त्या लाल पाइपाचा व्हॉल्व्ह कोणी सांगितलं म्हणून फिरवायचा नाही, सांगणारा आपला सुपरवायझर असला तरी आधी परमिट पाहायचं.

दुसरा प्रश्न पाइपात जीव किती उरलाय हा. फुंकून लावलेलं इपॉक्सी रेझिनचं अस्तर पाणी आणि धातू यांच्यामधे आडपडदा घालतं, गेलेली ताकद परत देत नाही. अल्ट्रासॉनिक जाडीमापक घेऊन एल्बोच्या बाहेरच्या बाजूला, आडव्या पाइपाच्या तळाला आणि वेल्डच्या शेजारी मापं घ्या. सुईएवढी भोकं अस्तराने बुजतात. बोटाने दाबल्यावर पापुद्रा हलत असेल तर तो तुकडा बदलायचाच, त्याला लायनिंगचं नाव देऊन पुढे ढकलायचं नाही. मोठ्या व्यासाच्या लाइनीत रेझिनमध्ये भिजवलेला फेल्टचा मोजा आत उलटवून, फुगवून कडक करतात. त्याला स्वतःची ताकद असते. ही पद्धत १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वुड यांनी गटाराच्या पाइपासाठी पहिल्यांदा वापरली. जहाजावर लहान व्यास, जवळजवळचे एल्बो आणि असंख्य फाटे असल्यामुळे तो मोजा सगळीकडे जात नाही, आणि गेला तरी प्रत्येक फाट्याचं तोंड आतून पुन्हा कापून मोकळं करावं लागतं. नवख्यांच्या वाट्याला बहुतेकदा हवेने रेझिन फुंकण्याचं काम येतं, म्हणून पुढे मी त्याबद्दलच लिहितो.

तोंडं मोजा

ड्रॉइंग मिळेल, ते घ्या, पण त्यावर विसंबू नका. जहाज जुनं असेल तर मधल्या वर्षांत कुणीतरी पँट्री वाढवलेली असते, कुणी बेसिन हलवलेलं असतं. प्रत्येक लाइन तोंडापासून तोंडापर्यंत चालून बघायची. कॉरिडॉरच्या छताचं पॅनेल उघडायचं, पाइपावर टेपचा नंबर लावायचा, खालच्या डेकवर जाऊन तोच पाइप कुठे उतरतो ते शोधायचं. शंका आली तर रंगीत पाणी सोडा किंवा कॅमेरा घाला.

नंतर त्या भागाची सगळी तोंडं मोजा: संडास किती, बेसिन किती, शॉवरचे निचरे किती, जमिनीतली जाळी किती, बंद करून ठेवलेले जुने फाटे किती. हा आकडा दोघांनी वेगवेगळा मोजायचा आणि जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. तुम्ही हवा फुंकणार आहात. जे तोंड मोजायचं राहिलं तिथून आधी गार्नेटची (पाइप घासायला हवेबरोबर सोडतात त्या कठीण कणांची) धूळ आणि मग रेझिन कुणाच्या तरी केबिनमध्ये बाहेर येतं.

केबिन स्टुअर्डशी, म्हणजे केबिनची साफसफाई बघणाऱ्याशी बोला. फिलिपिनो असो, इंडोनेशियन असो की गोवेकर, कुठला संडास हळू ओढतो, कुठल्या बेसिनला वास येतो, हे त्याला पाठ असतं. चीफ इंजिनियरच्या फाइलीत न सापडणारी माहिती तिथे मिळते.

परत फिरायची वेळ

या कामात नवख्याने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच, म्हणून इथे थोडा थांबतो.

लाइन बंद केली, रिकामी केली, खरवडली, वाळवली, इथपर्यंत ती कधीही जोडून परत देता येते. पाणी सोडलं की संडास चालू. एकदा रेझिन आत गेलं की ते पुरतं कडक होईपर्यंत ती लाइन कुणाचीच नसते. त्यामुळे भाग किती लांबीचा घ्यायचा हे पाइपाकडे बघून ठरवायचं नसतं, लाइन किती वाजता परत द्यायचीय हे बघून ठरवायचं असतं.

हिशेब उलटा करा. समजा जहाज सकाळी बंदराला लागलं, प्रवासी उतरले, आणि संध्याकाळी ५ पासून ते परतायला लागणार. तपासणीला आणि जोडायला एक तास धरला तर अस्तर ४ वाजता तयार हवं. रेझिनचं डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) म्हणतं की गरम हवेने तीन तासांत कडक होतं, म्हणजे १ वाजता शेवटचं रेझिन आत. रेझिनचा पहिला हात (थर), तो ओढून येण्याचा, म्हणजे घट्ट व्हायला लागण्याचा वेळ आणि दुसरा हात मिळून दीड तास, म्हणजे साडेअकराला पाइप साफ, कोरडा आणि तपासलेला हवा. हे साडेअकरा म्हणजे तुमची परत फिरायची वेळ. ती सकाळीच पांढऱ्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा, परमिटवरही लिहा. साडेअकराला पाइप ओला असेल, एका फाट्यात कचरा अडकला असेल, कंप्रेसर बंद पडला असेल, तर त्या दिवशी रेझिनचा डबा उघडायचा नाही. तोंडं जोडा, गळती तपासा, पाणी द्या, उद्या या. साफ केलेल्या लोखंडावर रात्रीत पुन्हा हलका गंज धरतो. तो दुसऱ्या दिवशी थोडं ब्लास्टिंग करून, म्हणजे हवेबरोबर गार्नेट सोडून निघतो. अर्धवट कडक झालेलं अस्तर निघत नाही, ते सोलून पुढच्या एल्बोत जाऊन बसतं आणि मग तो पाइप कापावाच लागतो, म्हणजे जे टाळायला आलो तेच.

अकरा-सव्वाअकराला सगळे म्हणतात, "होऊन जाईल." सुपरवायझरही म्हणतो, हॉटेल विभागाचा (केबिन आणि प्रवाशांची सोय बघणारा) माणूसही म्हणतो, कारण त्यालाही ते काम संपलेलं हवं असतं. तेव्हा बोर्डाकडे बोट दाखवा. सर्वात ज्युनियर मुलगासुद्धा हे करू शकतो, आणि त्याने ते करावं.

दिवस कुठला निवडायचा याबद्दलही थोडं. जुने प्रवासी उतरून नवे चढतात त्या दिवशी काहीही हाती घेऊ नका, त्या दिवशी प्रत्येक केबिन धुतली जाते आणि पाण्याची ओढ सगळ्यात जास्त असते. समुद्रावरच्या दिवशी माणसं केबिनमध्येच असतात. बंदराचा दिवस उत्तम. त्याहून चांगलं म्हणजे हॉटेल विभागाने एकावर एक असलेल्या केबिनची पूर्ण उभी रांग एका फेरीसाठी विक्रीतून काढून दिली तर. हे आधी मागितलं तरच मिळतं. ब्लास्टिंगचा आवाज पाइपातून चार डेक वर जातो, त्यामुळे माणसं किनाऱ्यावर असतानाच ते उरकायचं.

बंद करणं आणि हवा तपासणं

व्हॉल्व्ह बंद, कुलूप, टॅग, आणि टॅगवर नाव. चावी ज्याने कुलूप लावलं त्याच्या खिशात. प्रत्येक संडासावर आणि नळावर वापर बंद असल्याचा स्टिकर. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, जहाजाचा माणूस हजर हवा, नुसती आपली टोळी पुरत नाही.

धुराचे डिटेक्टर विसरू नका. ब्लास्टिंगची धूळ आणि गरम हवा यांनी ते वाजतात. कुठल्या भागातले डिटेक्टर किती वेळ बंद ठेवायचे हे ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षातून ठरतं, त्या वेळात तिथे गस्त असते, आणि काम संपल्यावर ते पुन्हा चालू झाल्याचं विचारून खात्री करायची असते. तसंच आगीच्या दारातून नळी ओढली असेल तर दार बंद होणार नाही. त्या दाराजवळ झटकन सुटणारं कपलिंग ठेवा आणि एक माणूस उभा करा. अलार्म झाला की नळी सोडायची, दार मोकळं करायचं.

ब्लॅक वॉटरच्या लाइनीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. "आता वास गेला" हे वाक्य ऐकलं की बाहेर पडा. गॅस मीटर अंगावर, छातीशी, चालू. टाकीत किंवा बंद पोकळीत परमिटशिवाय डोकंही घालायचं नाही. तिथे नुसतं लोखंड गंजत असलं तरी हवेतला ऑक्सिजन संपतो. मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के दिसायला हवा, त्याहून कमी दिसला तर कारण सापडेपर्यंत बाहेरच थांबायचं. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारं उपकरण जहाजावर ठेवणं सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाने १ जुलै २०१६ पासून बंधनकारक आहे. तेव्हा "मीटर नाही" हे कारण कुणी देऊ शकत नाही.

आतली घाण

व्हॅक्यूम संडास, म्हणजे जहाजावरचा हवेच्या ओढीने मैला खेचणारा संडास, एका फ्लशला साधारण लिटरभर पाणी घेतो. घरच्या संडासाच्या मानाने हे फारच कमी. पाणी कमी म्हणून लघवीतले क्षार दाट राहतात आणि पाइपाच्या आत थर धरतात. असा कापलेला तुकडा एकदा हातात घेऊन बघा. बाहेरून जस्त चढवलेला पाइप धड दिसतो. आत पिवळट-तपकिरी दगडी कडं, एल्बोच्या आतल्या वळणाला जाड, उभ्या भागात पातळ. छिन्नीने टोचलं तर थराथराने सुटतं, आणि सगळ्यात आतला थर निघाला की खाली काळा, ओलसर लगदा आणि त्याखाली लोखंडात खोलवर गेलेले खड्डे. कड्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि धातू खातात. म्हणून कडं पूर्ण काढायचं. त्यावर अस्तर दिलं तर अस्तर कड्याला चिकटतं, पाइपाला नाही.

कडं काढायला लवचिक शाफ्टवर फिरणाऱ्या साखळ्या वापरतात. हलक्या हाताने, पुढेमागे करत. एका जागी धरून ठेवली तर आधीच पातळ झालेला पाइप साखळीच फोडते. काही ठिकाणी ॲसिड वापरतात. त्यात दोन धोके आहेत: सल्फाइडवर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि क्लोरीनच्या क्लीनरवर पडलं की क्लोरीन वायू. स्टुअर्डने सकाळीच संडासात ब्लीच टाकलेलं असू शकतं. आधी विचारा, भरपूर पाण्याने धुवा, मगच ॲसिड.

त्यानंतर ब्लास्टिंग. कोरड्या हवेबरोबर गार्नेटचे कण लाइनीतून सोडायचे, दुसऱ्या तोंडाला फिल्टर लावून ते गोळा करायचे. साधी वाळू कधीही वापरायची नाही, तिच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं कायमची जातात. हवेच्या नळीच्या प्रत्येक जोडाला व्हिप चेकची तार लावा, सुटलेली नळी माणूस लोळवते. गोड्या पाण्याच्या लाइनीवर काम असेल तर शॉवरची तोंडं आणि नळांच्या जाळ्या आधी काढून पिशवीत केबिनच्या नंबरासकट ठेवा. पाइप आतून राखाडी, एकसारखा आणि किंचित खरखरीत दिसला पाहिजे. ब्लास्टिंगचे जाणकार याला आयएसओ ८५०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकातली एसए २½ पातळी म्हणतात. कॅमेऱ्यात एल्बोमागे काळा डाग दिसला तर पुन्हा ब्लास्टिंग.

वाळवणं

नवख्यांच्या हातून अस्तर बिघडतं ते बहुतेक इथे. कारण असं की पाइप वातानुकूलित कॉरिडॉरच्या छतात, म्हणजे २२ अंशांवर, आणि कंप्रेसर हवा ओढतो उघड्या डेकवरून किंवा इंजिनच्या बाजूने. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली तिच्यातून दव पडायला लागतं ते, सुमारे २६ अंश येतो. ती हवा २२ अंशांच्या पाइपात गेली की आत दव पडणारच. तुम्ही तासभर "वाळवत" बसता आणि पाइप आणखी ओला होतो. त्यावर रेझिन गेलं की चिकटत नाही, वर मेणचट थर येतो.

म्हणून कंप्रेसरनंतर ड्रायर हवाच, आणि हवा गरम करून सोडायची. नियम सोपा आहे: पाइपाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर. दोन्ही मोजा, लाइनीच्या दोन्ही टोकांना मोजा, आणि वहीत वेळेसकट लिहा. लांबच्या टोकाला पांढरा टिश्यू धरून बघा, ओल किंवा धूळ असेल तर लगेच कळते.

रेझिन

किती लागेल ते आधी काढा. आतला व्यास ५० मिलिमीटर, लांबी १२ मीटर: ३.१४ × ०.०५ × १२ म्हणजे आतलं क्षेत्रफळ सुमारे १.९ चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर जाडी हवी तर साधारण ०.९५ लिटर. यावर नळीला आणि बादलीला चिकटून राहणारं वेगळं धरा. एल्बो आणि फाटे यांचं क्षेत्रफळही जोडा. गंजाने खरबरीत झालेला पाइप हिशेबापेक्षा जास्त पितो.

रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजा, डोळ्यांनी नाही. मिसळल्यापासून पॉट लाइफचं, म्हणजे रेझिन वापरता येण्याच्या वेळाचं घड्याळ सुरू. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो, त्यामुळे २५ अंशांचा डेटाशीटमधला आकडा उष्ण मशिनरी रूममध्ये धरायचा नाही. बादलीत ढीग राहिला तर रेझिन स्वतःच तापतं, धूर येतो, हात भाजतो. एका वेळी एकच खेप मिसळा, आणि थोडं थांबावं लागणार असेल तर उथळ ट्रेमध्ये ओता. हातात नायट्राइलचे (पातळ रबरी) हातमोजे, फाटले की लगेच बदला. अंगावर लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका, साबण-पाण्याने धुवा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभराची असते आणि त्या माणसाचं हे काम तिथेच संपतं. मी चांगली कामाची माणसं अशी बाहेर पडलेली पाहिली आहेत, म्हणून हातमोज्यांच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आता फुंकणं. मोजलेलं रेझिन एका तोंडाने भरायचं, मागून कमी दाबाची कोरडी हवा. रेझिन भिंतीला लपेटत पुढे सरकतं. प्रत्येक तोंडाशी एक माणूस हवा. तिथल्या पाइपाच्या तोंडातून एकसारखा थर बाहेर आला की त्याने ओरडायचं नाही, वॉकी-टॉकीवर तोंडाचा नंबर सांगायचा आणि व्हॉल्व्ह आवळायचा. सगळे नंबर आले की हवा बंद करायची घाई नको. रेझिन ओढून येईपर्यंत मंद हवा चालू ठेवायची, नाहीतर आडव्या पाइपात सगळं तळाला उतरतं आणि छताला पातळ राहतं. फाटे मोकळे राहिले का तेही याच वेळात बघायचं. पहिला हात राखाडी असेल तर दुसरा पांढरा घ्या, राहिलेली जागा कॅमेऱ्यात लगेच ओळखू येते.

प्रत्येक खेपेतलं चमचाभर रेझिन कागदी कपात ठेवा, वर वेळ आणि खेपेचा नंबर. पाइपात आत नख मारता येत नाही, कपात येतं. लाइनीच्या शेवटी हातभर सुट्टा पाइपही जोडून ठेवा. तोही त्याच हवेने, त्याच रेझिनने भरतो, आणि नंतर तो उभा कापून जाडी प्रत्यक्ष मोजता येते.

तपासणी आणि ताबा

अस्तर कडक झालं की कॅमेरा. ब्लॅक वॉटरची लाइन असेल तर व्हॅक्यूम लावून दाबमापकाचा काटा किती पडतो ते बघा. एका भागातली बारीक हवागळतीही पूर्ण झोनच्या संडासांची ओढ कमी करते. दाबाच्या लाइनीला दाबाची टेस्ट, चीफ इंजिनियरने सांगितलेल्या आकड्याला आणि तितका वेळ.

गोड्या पाण्याच्या लाइनीला घाई अजिबात चालत नाही. रेझिनला पिण्याच्या पाण्यासाठी मान्यता हवी, आणि ते डेटाशीटप्रमाणे पूर्ण पिकलेलं हवं, बोटाला लागत नाही एवढं पुरेसं नाही. मग भरपूर पाणी सोडून धुवायचं. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांना तिथल्या जहाज-स्वच्छता कार्यक्रमाचे नियम लागू होतात. दुरुस्तीनंतर ५० पीपीएम क्लोरीनचं पाणी ४ तास लाइनीत धरून ठेवायचं, मग धुवून काढायचं. जिवाणूंची चाचणी आणि वापराची परवानगी जहाजाचे अधिकारी देतात, आपण नाही.

कचऱ्याचं काम शेवटचं म्हणून सर्वात नवख्या मुलावर टाकतात, पण ते नीट शिकून घ्या. गार्नेट, खरवड, रेझिनचे डबे, हातमोजे, ब्रश सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, वजन करून जहाजाच्या पर्यावरण अधिकाऱ्याकडे द्यायचं. ते गार्बेज रेकॉर्ड बुकात चढतं. मुठभर गार्नेटही समुद्रात टाकायचं नाही, मार्पोल या सागरी प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने त्याला मनाई आहे.

ताबा देताना कागदावर एवढं हवं: भागाचा नंबर, तोंडांची संख्या, बंद केल्याची आणि उघडल्याची वेळ, जाडीची आधीची मापं, दवबिंदूच्या नोंदी, खेपांचे नंबर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, आणि कापलेल्या तुकड्याचा फोटो. चीफ इंजिनियरची सही घ्या. क्लासचा, म्हणजे जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा सर्वेयर पुढच्या वेळी येईल तेव्हा हेच कागद मागेल. कुलपं काढताना चाव्या मोजा, डिटेक्टर चालू झाल्याचं ब्रिजकडून ऐका, संडासांवरचे स्टिकर स्वतः काढा. त्या रांगेच्या स्टुअर्डला तोंडी सांगून ठेवा की उद्या सकाळी आंघोळीची गर्दी झाली की प्रत्येक शॉवरचा निचरा बघ, आणि कुठे पाणी तुंबलं तर आधी आम्हाला फोन कर.